इन्सुलिन सुरू झालं म्हणजे टाइप २ चा टाइप १ होतो का?

तुम्ही विचारलंय, बाबांना बारा वर्षांपासून टाइप २ डायबेटिस आहे, आता डॉक्टरांनी इन्सुलिन लावलं, म्हणजे त्यांचा टाइप १ झाला का? नाही झाला. साखर कशामुळे वाढते त्यावरून टाइप ठरतो, औषध कोणतं चालू आहे त्यावरून नाही.

रक्तातली साखर पेशींत शिरायला इन्सुलिन लागतं आणि ते स्वादुपिंडातल्या बीटा पेशी बनवतात. टाइप १ मध्ये शरीराची रोगप्रतिकारशक्तीच या पेशींवर उठते आणि इन्सुलिन जवळजवळ बंद होतं. बाहेरून घेण्यावाचून गत्यंतर नाही. १९२२ मध्ये टोरांटोत माणसाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं. त्याआधी टाइप १ झालेलं मूल फार काळ जगत नसे.

टाइप २ मध्ये इन्सुलिन असतं, पण स्नायू आणि यकृत त्याला नीट दाद देत नाहीत. मग स्वादुपिंड जास्तीचं बनवत राहतं आणि काही वर्षांनी बीटा पेशी थकतात. बाबांचं बहुधा तेच झालंय. काही गोळ्या याच पेशींना कामाला लावतात. पेशीच थकल्या तर गोळी तरी काय करणार?

माझं नेमकं उलटं झालं होतं. छत्तिसाव्या वर्षी साखर निघाली आणि वय बघून टाइप २ धरला गेला. दीड वर्ष गोळ्या आणि कडक पथ्य. वजन नऊ किलो उतरलं, लोक म्हणायचे, ‘छान बारीक झालास!’ इकडे रात्री चार-चारदा लघवीला उठत होतो. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी जीएडी अँटीबॉडी (रोगप्रतिकारशक्ती बीटा पेशींवर उठलीय का ते सांगणारी रक्ततपासणी) आणि सी-पेप्टाइड करायला सांगितलं. बीटा पेशींतून इन्सुलिनबरोबरच सी-पेप्टाइडही सुटतं, त्यामुळे शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतंय ते त्यावरून कळतं. माझं अगदी तळाला होतं. मोठेपणी सावकाश येणारा हा टाइप १ चाच प्रकार, त्याला लाडा म्हणतात.

उपाशीपोटी साखर १२६ किंवा जास्त, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ६.५ टक्के किंवा जास्त, हे आकडे सगळ्यांना सारखेच. मधुमेह आहे एवढंच ते सांगतात, कोणता ते नाही.

गरोदरपणातला मधुमेह वेगळा. तो वारेतल्या हार्मोन्समुळे होतो आणि बाळंतपणानंतर बहुतेक वेळा जातो, पण पुढे टाइप २ चा धोका राहतो.

आता बाबांचं. इन्सुलिन टोचायचं पेन असेल तर दरवेळी आधी दोन युनिट हवेत सोडून सुईच्या टोकाला थेंब येतो का बघा. टोचल्यावर लगेच सुई काढू नका, दहापर्यंत मोजा. मी सुरुवातीला घाई करायचो आणि निम्मा डोस कातडीवरच ओघळायचा. घाम, थरथर, अचानक चिडचिड दिसली तर आधी साखर तपासा. ७० च्या खाली असेल आणि बाबा शुद्धीत असतील, तर १५ ग्रॅम ग्लुकोज द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा.