टेक बातमी आली की कोडवाले जोक टाकतात, मला ते कळत नाहीत. काय शिकू?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की बी.एस्सी. कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला आहात, गाव दारव्ह्याजवळ आहे, आणि कुठलीही बातमी आली की सीनियर पोरं ग्रुपवर "डीएनएसच असणार", "शुक्रवारी डिप्लॉय केलं का?", "एक्सेलला विचारा" असलं काही टाकतात. सगळे हसतात, तुम्हाला समजत नाही.

जोक पाठ करून काही हाती लागायचं नाही. यातला जवळपास प्रत्येक जोक एका खऱ्या बिघाडावर उभा आहे. तो बिघाड आपल्या लॅपटॉपवर मुद्दाम करून बघा. जोकही कळेल आणि विषयही. बऱ्याच गोष्टींना नेट लागत नाही, म्हणजे लाईन गेली तरी बॅटरी आहे तोवर काम चालतं.

एक्सेलपासून सुरू करा. कोऱ्या शीटमध्ये इंग्रजीत 'मार्च' आणि त्याला चिकटून १ असं टाइप करून एंटर मारा. १ मार्च ही तारीख होते. मार्च१ हे एका जीनचं नाव होतं. सेप्ट२ हे दुसऱ्या जीनचं, त्याची २ सप्टेंबर व्हायची. २०१६ साली झालेल्या तपासणीत, जीनच्या याद्या एक्सेलमध्ये जोडलेल्या शोधनिबंधांपैकी साधारण पाचव्या हिश्शात असल्या चुका सापडल्या. शेवटी २०२० मध्ये जीनची नावं ठरवणाऱ्या समितीने नावंच बदलली, मार्चएफ१ आणि सेप्टिन२ अशी. सॉफ्टवेअर सुधारेना म्हणून जीनचं बारसं पुन्हा करावं लागलं, यावर ते हसतात. तारखांचं हे आपोआप होणारं रूपांतर बंद करायचा पर्याय मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये दिला.

त्याच शीटमध्ये आता ७/१२ टाका. विंडोजची सेटिंग भारताची असेल तर ७ डिसेंबर होतो. कास्तकारांची यादी गट नंबरसकट भरताना नेमकं हेच घडतं. १२/३ चा १२ मार्च होतो, ४५/१७ मात्र जसाच्या तसा राहतो, कारण तशी तारीख नसते. अर्धी यादी बिघडते, अर्धी बरोबर दिसते, म्हणून चूक लवकर ध्यानात येत नाही. नंतर सेलचा फॉरमॅट टेक्स्ट केला तरी गट नंबर परत येत नाही. ७/१२ च्या जागी ४५९९८ असा पाच आकडी नंबर दिसतो. एक्सेल तारीख ठेवतं ती १९०० सालापासून मोजलेल्या दिवसांच्या रूपात, आणि हा २०२५ च्या ७ डिसेंबरचा दिवस. वर्ष लिहिलं नाही तर एक्सेल चालू वर्ष धरतं, म्हणून तुमचा आकडा वेगळा येईल. उपाय भरण्याआधीच करायचा: पूर्ण कॉलम निवडा, फॉरमॅट टेक्स्ट करा, मग टाइप करा. एखादाच सेल असेल तर आधी एकेरी अवतरणचिन्ह द्या. सीएसव्ही फाईल डबल क्लिक करून उघडू नका. डेटा टॅबमधल्या 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' ने आत घ्या आणि त्या कॉलमचा प्रकार टेक्स्ट ठरवा. बँक खात्याच्या नंबरातलं पहिलं शून्य उडतं तेही एक्सेल आपल्या मनाने प्रकार ठरवतं म्हणूनच. पंधरा आकड्यांच्या पुढचे आकडे तर शून्यच होतात, आणि ते परत मिळत नाहीत.

"डीएनएसच असणार" हा सगळ्यात जुना आणि सगळ्यात खरा. साइटच्या नावावरून तिचा आकड्यांतला पत्ता शोधून देणारी व्यवस्था म्हणजे डीएनएस. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम सहाएक तास बंद होतं. देखभालीच्या एका कमांडने त्यांच्या डेटा सेंटरना जोडणारं आतलं नेटवर्क तुटलं. त्यांच्या डीएनएस सर्व्हरना डेटा सेंटर सापडेनात, म्हणून त्यांनी आपल्याकडे यायचा रस्ता इंटरनेटला सांगणंच थांबवलं. २० ऑक्टोबर २०२५ ला ॲमेझॉनच्या व्हर्जिनियातल्या केंद्रात डायनॅमोडीबी या त्यांच्या डेटाबेस सेवेच्या नावापुढची डीएनएस नोंद रिकामी झाली. तीच नोंद बदलणारे दोन स्वयंचलित प्रोग्राम एकमेकांच्या आड आले होते.

हे घरी करून बघता येतं. विंडोजमध्ये नेटवर्क अडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये आयपीव्ही४ उघडा आणि डीएनएसच्या जागी १९२.०.२.१ टाका. हा पत्ता फक्त उदाहरणांसाठी राखून ठेवलेला आहे, तिथून उत्तर येत नाही. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिगला 'फ्लशडीएनएस' हा पर्याय जोडून चालवा, नाहीतर जुने पत्ते आठवणीत राहतात आणि सगळं सुरळीत दिसतं. आता ८.८.८.८ ला पिंग करा, उत्तर येईल. गूगल डॉट कॉमला पिंग करा, नाव सापडणार नाही. नेट चालू आहे, फक्त नावं हरवलीत! मोबाईलच्या हॉटस्पॉटवर हा प्रयोग बहुतेक इथेच फसतो: आयपीव्ही६ मधून दुसरा डीएनएस आलेला असतो आणि काम त्याच्यावर चालून जातं. म्हणून त्याच खिडकीत आयपीव्ही६ ची खूण तेवढ्यापुरती काढा. झाल्यावर दोन्ही सेटिंग पूर्ववत करा.

शुक्रवारचा जोक थोडक्यात सांगतो. डिप्लॉय म्हणजे नवा बदल सगळ्यांच्या वापरात सोडणं; शुक्रवारी सोडला आणि बिघडला तर शनिवार-रविवार दुरुस्तीत जातो. १९ जुलै २०२४, शुक्रवार. क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा सॉफ्टवेअरची एक फाईल जगभर गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली. प्रोग्राम २१ रकाने वाचायला गेला, दिलेले होते २०. कोड विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात चालणारा, त्यामुळे त्याच्यासोबत पूर्ण मशीनच कोसळलं. बऱ्याच मशीनवर माणसाने जाऊन, सेफ मोडमध्ये चालू करून ती फाईल काढावी लागली. डिस्क बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाने बंद असेल तर आधी रिकव्हरी की शोधा. बदल आधी थोड्या मशीनवर, मग सगळीकडे, हा नियम इथून घ्या.

एआयवरचे जोक समजायला मराठी असणं फायद्याचं आहे. पायथन उघडून लेन फंक्शनला 'विदर्भ' द्या. डोळ्यांना तीन अक्षरं दिसतात, उत्तर ६ येतं: व, वेलांटी, द, र, हलंत, भ. तेच यूटीएफ-८ मध्ये एन्कोड करून मोजा, १८ बाइट. आपण ज्याला अक्षर म्हणतो, कॉम्प्युटर ज्याला कॅरेक्टर म्हणतो आणि जे प्रत्यक्ष साठवलं जातं, हे तीन वेगळे हिशोब आहेत. मराठी एसएमएस १६० ऐवजी ७० कॅरेक्टरलाच संपतो तो याचमुळे. फेब्रुवारी २०१८ मध्ये तेलुगूतलं एक जोडाक्षर दाखवताना आयफोनवरची ॲप बंद पडत होती, तीही याच घरातली गोष्ट. २०२४ मध्ये एआयला स्ट्रॉबेरीच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'आर' किती असं विचारलं की उत्तर यायचं दोन, आहेत तीन. मॉडेलला अक्षरं दिसतच नाहीत. शब्दाचे तुकडे होतात, प्रत्येक तुकड्याला एक नंबर असतो आणि मॉडेलपर्यंत फक्त नंबर पोचतात. एक सांभाळा: पायथनच्या कोडमध्ये देवनागरी अंक थेट लिहिले तर सिंटॅक्स एरर येते, पण इंट फंक्शनला अवतरणात '१२' दिलं तर ते बारा म्हणून नीट घेतं.

पायथनमध्येच ०.१ आणि ०.२ ची बेरीज करा, उत्तर ०.३०००००००००००००००४ येईल. बायनरीत ०.१ नेमका बसत नाही, जवळचा आकडा ठेवला जातो. कापसाच्या काट्यापट्टीचा प्रोग्राम लिहाल तेव्हा वजन ग्रॅममध्ये आणि रक्कम पैशांत, पूर्णांकातच ठेवा. पायथनचा डेसिमल प्रकार वापरायचा तर आत ०.१ अवतरणात द्या. अवतरणाशिवाय दिलात तर चूक आधीच आत गेलेली असते.

विज्ञानाच्या बातम्यांवर "एलके-९९" असं कोणी लिहिलं तर ते जुलै २०२३ चं. दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी खोलीच्या तापमानाला विजेला शून्य विरोध करणारा पदार्थ मिळाल्याचं प्रीप्रिंटमध्ये, म्हणजे इतर तज्ज्ञांनी तपासण्याआधीच्या निबंधात मांडलं. काही आठवड्यांत इतर प्रयोगशाळांनी दाखवलं की आत भेसळ म्हणून राहिलेलं कॉपर सल्फाइड १०४ अंश सेल्सिअसच्या आसपास रचना बदलतं आणि विरोध एकदम उतरतो. अशी बातमी आली की दुसऱ्या कोणी तो प्रयोग करून तेच उत्तर काढलं का, एवढं आधी बघा.

राहिला "कोणाच्या तरी अकरा ओळी". २२ मार्च २०१६ ला लेफ्ट-पॅड नावाचं अकरा ओळींचं छोटं पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएमवरून, म्हणजे जावास्क्रिप्टच्या पॅकेजांच्या कोठारातून काढलं आणि त्यावर उभे असलेले मोठमोठे प्रोजेक्ट बिल्ड होईनात. मार्च २०२४ चं एक्सझेड याहून गंभीर: फाईल दाबून लहान करणाऱ्या या साध्या लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये चोरदरवाजा घातलेला होता. मायक्रोसॉफ्टमधल्या आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनियरला एसएसएचने (दूरच्या मशीनवर) लॉगिन करायला अर्धा सेकंद जास्त लागताना दिसला, त्याने खोदलं आणि चोरदरवाजा सापडला. मला या सगळ्यांत हा प्रसंग सर्वांत मोलाचा वाटतो, तो नीट वाचा. स्वतः बघायचं तर कोऱ्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये फ्लास्क (वेबसाइट बनवायचं पायथन पॅकेज) टाकून पिप लिस्ट काढा. मागितलं एक, सोबत वर्कझोइग, जिंजा, मार्कअपसेफ, क्लिक, इट्सडेंजरस, ब्लिंकर आलेले दिसतील.

गावी रेंज नसेल तर कॉलेजच्या वायफायवर पिप डाउनलोडने फ्लास्क पेनड्राइव्हवर घ्या आणि घरी पिप इन्स्टॉलला 'नो-इंडेक्स' आणि 'फाइंड-लिंक्स' हे पर्याय देऊन टाका. दोन्हीकडे पायथनची आवृत्ती आणि ऑपरेटिंग सिस्टिम एकच हवी. मार्कअपसेफची फाईल आवृत्तीप्रमाणे वेगळी असते, आणि इन्स्टॉल अडलं तर बहुतेक तिथेच अडतं.