खड्डा नेमका कोणाचा? रूपविकारी ताऱ्यांवर वाचकांचे प्रश्न

ग्रह शोधणाऱ्या दुर्बिणीच्या नोंदींत रूपविकारी (उजेड कमी-जास्त होणारे) तारे कसे सापडतात? माझ्याकडे दुर्बीण नाही. (बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, भुसावळ)

दुर्बीण लागतच नाही. २०१८ साली अवकाशात गेलेली नासाची 'टेस' ही दुर्बीण आभाळाच्या एकेका पट्ट्याकडे साधारण २७ दिवस टक लावून बघते. सूर्यासमोरून गुरू गेला, तर उजेड जेमतेम १ टक्का उतरेल. असलं बारीक टिपायला ती बांधली. मग ययातीतला अलगोल तिच्यापुढे काय? दर २ दिवस २१ तासांनी त्याचा उजेड तिसऱ्या हिश्शापेक्षाही खाली येतो. नोंदी फुकट मिळतात, पायथन या संगणकभाषेतलं 'लाइटकर्व्ह' हे सॉफ्टवेअर प्रकाशवक्र, म्हणजे वेळेनुसार उजेडाचा आलेख, काढून देतं. कॉलेजचा जुना पीसीही चालेल.

रात्री पंपाची लाईट येईपर्यंत लॅपटॉपवर प्रकाशवक्र बघतो. एका ताऱ्याचा आवर्तकाल (उजेडाच्या एका फेऱ्याचा वेळ) ४ तास आला. हा डेल्टा स्कुटी प्रकारचा, म्हणजे काही तासांत स्वतःच फुगणारा-आकसणारा, असेल का? (केळी उत्पादक, रावेर)

असेलही, पण आधी ४ चे ८ करून बघा. एकमेकांना चिकटून फिरणारे दोन तारे एका फेरीत दोनदा झाकले जातात. दोन्ही खड्डे, म्हणजे वक्रातल्या उजेडाच्या घसरणी, जवळपास सारखे असले की सॉफ्टवेअर फसतं आणि निम्माच काळ सांगतं. सप्तर्षीतला डब्ल्यू उर्से मेजॉरिस असाच, खरा काळ ८ तासांचा. सगळे ठिपके ८ तासांच्या घडीत एकावर एक रचा. एक खड्डा दुसऱ्याहून केसभर जरी खोल निघाला, आणि तो दर फेरीला तसाच राहिला, तर ती जोडी. माथे गोलसर आणि तळ टोकदार असतील तर संशय आणखी बळावतो. वक्र झपकन चढून सावकाश उतरत असेल, तर तारा स्वतःच फुगतो-आकसतो आहे. स्वरमंडळातला आरआर लायरी तसा, पण त्याला साडेतेरा तास लागतात. तरीही उलगडा झाला नाही, तर निळ्या आणि लाल गाळणीतल्या नोंदी शोधा. स्पंदन पावणारा तारा निळ्यात जास्त हेलकावतो, चिकटलेली जोडी दोन्हींत जवळपास सारखीच. टेसकडे एकच रुंद लालसर पट्टा आहे, तिच्याकडून हे कळणार नाही.

मला नवा रूपविकारी तारा सापडला. नोंदवायचा कुठे? (शिक्षक, धुळे)

थांबा, सर. टेसचा एक पिक्सेल २१ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) रुंद. पौर्णिमेचा चंद्र तिच्या चित्रात फक्त ८५ पिक्सेलभर! आकाशगंगेच्या पट्ट्यात एका पिक्सेलात कितीतरी तारे दाटीवाटीने बसलेले असतात. मी स्वतः तीन आठवडे हवेत होतो. खड्डे इतके सुबक की घरी पेढेही आणले. शेवटी ते दोन पिक्सेल पलीकडच्या, यादीत कधीचं नाव असलेल्या एका पिधानकारी (एकमेकांना झाकणाऱ्या ताऱ्यांच्या) जोडीचे निघाले. पेढे तेवढे खरे. तेव्हापासून प्रत्येक पिक्सेलचा वक्र वेगळा काढतो. खड्डा जिथे सगळ्यांत खोल, मालक तिथे. मग 'व्हीएसएक्स' ही रूपविकारी ताऱ्यांची यादी चाळा. तिथे नसला, तर तिथेच खातं उघडून कळवता येतो. तपासणारे काटेकोर असतात. वक्र आणि काळ दोन्ही तयार ठेवा.

तिमिंगलातला मीरा टेसमध्ये का नीट दिसत नाही? (नंदुरबार)

त्याचा फेरा सुमारे ३३२ दिवसांचा. २७ दिवसांत त्याचा नुसता उतार किंवा चढ दिसेल. वर ग्रहांसाठी साफसूफ केलेल्या नोंदींत तो संथ बदल यंत्राचा दोष समजून पुसलाही जातो. भर तेजात असला की तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो. तोरणमाळला जाणार असाल तर शेजारच्या ताऱ्यांशी ताडून त्याची प्रत (तेजस्वितेचा आकडा) वहीत टिपा, तारीख-वेळेसकट.