रोजच्या साध्या क्षणांत अधिक आनंद कसा मिळवावा?

नोकरी, घर, तब्येत असे सारे ठीक असूनही दिवस नुसते निघून जातात, आनंद वाटतो तो सहलीला किंवा सणावारालाच, मग मधल्या साध्या दिवसांचे काय करावे, असे आपण विचारले आहे. माझ्या मते साध्या गोष्टींचा आनंद त्यांच्या ओळखीतून येतो, आणि ती ओळख प्रयत्नाने वाढवता येते. मात्र पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतही दोन आठवड्यांहून अधिक काळ मन लागत नसेल, झोप किंवा भूक बिघडली असेल, तर ते नैराश्य असू शकते आणि त्यासाठी डॉक्टरांनाच भेटायला हवे. माझे पुढचे म्हणणे त्या अवस्थेसाठी नाही.

मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट या संशोधकांनी २०१० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात २,२५० प्रौढांना दिवसभरात अधूनमधून फोनवर विचारले जाई, की आत्ता काय करत आहात, मन त्यातच आहे का आणि कसे वाटते आहे. सुमारे ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामात नव्हते, आणि ते भटकलेले असताना माणसे कमी आनंदी होती. इतकेच नव्हे, तर सुखाच्या विचारांत रमलेली माणसेसुद्धा कामात लक्ष असलेल्यांहून अधिक आनंदी आढळली नाहीत. हे वाचून लक्ष देण्याचा नुसता निश्चय केला तर तो दुपारपर्यंतही टिकत नाही, कारण लक्षाला धरून राहायला काहीतरी बारीक तपशील लागतो.

मला तो तपशील पुण्यातल्या झाडांनी दिला. ऑफिसला जाण्याच्या ज्या रस्त्याचा मला कंटाळा होता, त्याच रस्त्यावरची झाडे एकेक करून ओळखायला शिकल्यावर तो रस्ता माझ्यासाठी वर्षभर बदलत राहू लागला. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाने झडलेल्या काटेसावरीवर लालभडक फुले येतात आणि त्यांतल्या मधासाठी साळुंक्या, बुलबुल, कावळे यांची झुंबड उडते. एप्रिल-मेमध्ये बहावा पिवळ्या घोसांनी लगडतो, त्याच सुमारास ताम्हण जांभळे होते, आणि भर दुपारी कुठल्यातरी वडा-पिंपळावरून तांबट पक्ष्याचे एकसुरी टुक्-टुक् चालू असते. पावसाळा सरता सरता बुचाच्या झाडाची लांब नळीची पांढरी फुले रात्री उमलतात आणि सकाळी पदपथावर त्यांचा सडा पडलेला असतो. हा सुगंध दुचाकीवरूनही येतो, पण तो कशाचा आहे हे ठाऊक असेल तर माणूस मान वर करून झाड शोधतो. सकाळी वेताळ टेकडीवर नियमित जाणाऱ्यांकडून मी यातले बरेच शिकले, आणि अनोळखी माणसाला झाडाचे नाव विचारले म्हणून कोणी त्रासल्याचे मला आठवत नाही. झाडे हाच विषय हवा असे मुळीच नाही. मंडईतल्या भाज्या, जुन्या वाड्यांचे दरवाजे, रागसंगीत, काहीही चालेल. फक्त ते रोजच्या वाटेवर भेटणारे असावे.

दुसरा उपाय आपल्या परंपरेतच आहे. चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य करणारी घरे तो लागण्याच्या तोंडावर, आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे कांदेनवमीला, कांदाभजी आणि कांद्याची थालीपिठे आवर्जून करतात. यामागचा धार्मिक हेतू वेगळा आहे हे मान्य करूनही मला वाटते, की काही काळ सोडलेल्या पदार्थाची चव किती वाढते हे या घरांना चांगले माहीत असते. जॉर्डी क्वॉइडबाख आणि एलिझाबेथ डन यांनी २०१३ मध्ये चॉकलेटच्या बाबतीत हेच दाखवून दिले: आठवडाभर चॉकलेट न खाल्लेल्यांना पुढच्या खेपेस ते अधिक आवडले, तर मनसोक्त खाण्याची मुभा मिळालेल्यांना तितके आवडले नाही. म्हणून दिवसाचा तिसरा-चौथा चहा सोडून पाहा आणि सकाळचा पहिला चहा फोन दुसऱ्या खोलीत ठेवून प्या.

रोजनिशीविषयीही आपण विचारले आहे. ती अवश्य लिहा, परंतु ‘आज छान वाटले’ असे लिहू नका. टिंग झांग आणि सहकाऱ्यांच्या २०१४ मधील प्रयोगांत लोकांनी नुकतेच ऐकलेले गाणे, अलीकडचे संभाषण अशा क्षुल्लक गोष्टी नोंदवून ठेवल्या, आणि काही महिन्यांनी त्या वाचताना त्यांना आधी वाटले होते त्याहून कितीतरी अधिक रस वाटला. आज भाजीवाल्या मावशी काय म्हणाल्या, डब्यात कोणती भाजी होती, परतताना पाऊस कुठे गाठला, एवढे दोन ओळींत लिहिले तरी पुरेसे आहे, आणि वही दोन-तीन महिने उघडून वाचू नये.