राखेचा ढग आणि मित्राचे घर : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

नोव्हेंबर २०२५ मध्ये इथिओपियातील हायली गुब्बी या ज्वालामुखीची राख लाल समुद्र ओलांडून थेट भारताच्या आकाशात आली आणि आपल्या काही विमान कंपन्यांना उड्डाणे रद्द करावी लागली. तेव्हापासून या विषयावर बरीच पत्रे येत आहेत. त्यांतील बहुतेकांचा रोख मात्र एप्रिल २०१० मधील आइसलँडच्या उद्रेकाकडे आहे, कारण त्या वेळी युरोपातील विमाने बंद झाल्याने अडकलेल्या सुमारे एक कोटी प्रवाशांमध्ये आपल्याकडची माणसेही होती. तीन पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : आमचा मुलगा २०१० साली मँचेस्टरला अडकला होता. त्या दिवसांत तेथे लख्ख ऊन होते आणि आकाशात राखेचा मागमूसही नव्हता, असे तो आजही सांगतो. मग इतके दिवस विमाने बंद ठेवणे हा अतिरेक नव्हता का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आपल्या चिरंजीवांनी पाहिले ते खरे आहे, परंतु ही राख डोळ्यांना दिसेलच असे नाही, आणि तिचे कण इतके बारीक असतात की विमानातील हवामानाच्या रडारलाही ते टिपता येत नाहीत. ज्वालामुखीची राख म्हणजे चुलीतली मऊ राख नव्हे. तो खडकाचा आणि काचेचा चुरा असतो. १४ एप्रिल २०१० रोजी आइसलँडमधील एयाफ्यालायोकुल या ज्वालामुखीच्या शिखरावरील बर्फाखाली उद्रेक झाला, तप्त शिलारसाची वितळलेल्या पाण्याशी गाठ पडून त्याच्या ठिकऱ्या उडाल्या आणि तो चुरा नऊ-दहा किलोमीटर उंच गेला. त्या आठवड्यात वरचे वेगवान वारे नेमके आग्नेयेकडे, म्हणजे ब्रिटन आणि युरोपखंडाच्या दिशेने वाहत होते. गंमत अशी की खुद्द आइसलँडचा केफ्लाविक विमानतळ सुरुवातीच्या त्या दिवसांत बहुतांशी चालू होता.

हे कण साधारण १,१०० अंश सेल्सिअसला वितळतात आणि जेट इंजिनाच्या ज्वलनकक्षातील उष्णता त्याहून कितीतरी अधिक असते. वितळलेली काच पुढे टर्बाइनच्या पात्यांवर जाऊन गोठते, हवेची वाट चोंदते आणि इंजिन बंद पडते. २४ जून १९८२ रोजी ब्रिटिश एअरवेजचे क्वालालंपूरहून पर्थला निघालेले जंबोजेट जावा बेटावरील गालुंगगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरले आणि त्याची चारही इंजिने बंद पडली. विमान हजारो फूट खाली घसरल्यावर ती पुन्हा सुरू झाली आणि ते जाकार्ताला सुखरूप उतरले, पण पुढची काच इतकी खरवडली गेली होती की वैमानिकांना धावपट्टी धड दिसत नव्हती. या अनुभवानंतर ‘जेथे राख, तेथे उड्डाण नाही’ असाच नियम रूढ झाला.

अतिरेक झाला असेल तर तो या नियमात होता, बंदीत नव्हे. किती राख इंजिनाला सोसते, हे आकड्यांत ठरवण्याचे काम इंजिन बनवणाऱ्यांनी आणि नियंत्रकांनी वर्षानुवर्षे अंगाबाहेर टाकले होते. सुमारे एक लाख उड्डाणे रद्द होण्याची वेळ आली, तेव्हा कुठे चक्रे हलली आणि एका घनमीटर हवेत दोन मिलिग्रॅमपर्यंत राख चालेल असे ठरून २० एप्रिलपासून आकाश टप्प्याटप्प्याने खुले झाले. जे त्या आठवड्यात ठरू शकले, ते आधीही ठरू शकले असते.

प्रश्न : त्या वेळी आम्ही दोघे लंडनहून मुंबईस परतणार होतो. विमान रद्द झाले, हॉटेलांचे दर भडकले. माझ्या पतींचे कॉलेजमधील एक मित्र हॅरोला राहतात. अनेक वर्षांत फारसा संपर्क नव्हता, तरी फोन करताच ते गाडी घेऊन आले आणि आकाश खुले होईपर्यंत त्यांनी आम्हांला घरी ठेवून घेतले. निघताना पैसे देऊ केले तर रागावले. इतकी वर्षे झाली, तरी मनातला मिंधेपणा जात नाही. आम्ही त्यांच्यावर फार भार टाकला का? आणि याची परतफेड कशी करावी? (एक वाचिका, डोंबिवली)

उत्तर : भार पडला, यात शंका नाही, आणि तो मान्य केल्यानेच त्या मैत्रीची खरी किंमत कळते. चार दिवसांचा पाहुणा आणि राखेमुळे आलेला पाहुणा यांत मोठा फरक आहे. पहिल्याच्या परतीचे तिकीट ठरलेले असते. दुसऱ्याच्या बाबतीत यजमानालाही ठाऊक नसते आणि पाहुण्यालाही नसते. त्या आठवड्यात दर काही तासांनी नवे पत्रक निघे आणि विमाने सुरू होण्याची वेळ आणखी पुढे जाई. रोज सकाळी बॅग भरायची, संध्याकाळी त्यातून पुन्हा रात्रीचे कपडे काढायचे, असे बहुतेकांचे चालले होते. लंडनच्या उपनगरांतील चाळवजा ओळीने बांधलेल्या घरांत न्हाणीघर बहुधा एकच असते, घरातल्यांना साडेसातची गाडी गाठायची असते आणि मुलांची शाळा असते. अशा घरात एक आख्खे जोडपे बेमुदत सामावून घेणे आणि ‘मग, निघणार कधी?’ हा प्रश्न सहज बोलण्यातही येऊ न देणे, हे मला जेवणखाण्याहून मोठे वाटते.

त्या मित्रांचे उपकार कदाचित आपल्या पत्रात आले आहेत त्याहून अधिक असतील. प्रौढ प्रवाशांच्या रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या मोजक्या असतात; त्या संपत आल्या की ब्रिटनमध्ये औषधाच्या दुकानात जाऊन डबी दाखवली म्हणजे भागत नाही. तेथील कुटुंबवैद्याकडे तात्पुरती नोंदणी करावी लागते आणि ती वाट दाखवायला स्थानिक माणूस बरोबर असला तर निम्मी चिंता मिटते. विमान कंपनीच्या फोनवर तासन्‌तास ताटकळणे, व्हिसाची मुदत संपत असल्यास त्याची विचारपूस करणे, ही कामेही त्या आठवड्यात असंख्य यजमानांनी नोकरी सांभाळून केली. पैसा आणि पद यांनी वाट निघे, पण तीही वाकडीच. जर्मनीच्या तत्कालीन चॅन्सेलर अँगेला मेर्केल अमेरिकेहून परतताना लिस्बनला उतरल्या, तेथून रोमला गेल्या आणि पुढचा प्रवास त्यांना रस्त्याने करावा लागला. इंग्रज विनोदी नट जॉन क्लीझ यांनी तर ऑस्लोहून ब्रसेल्सपर्यंत टॅक्सी केली. ज्याच्याजवळ यांपैकी काहीच नव्हते, त्याला हॅरोचा मित्र असणे हीच श्रीमंती होती.

पैसे देऊ केल्यावर ते रागावले, हे ठीकच झाले. पाकीट पुढे करणे म्हणजे हिशेब मिटवून टाकणे, आणि त्यांना तो मिटवायचा नव्हता. राहत्या घरात मात्र पुष्कळ काही करता आले असते, आणि आपण ते केले असेलच : आठवड्याचा वाणसामान स्वतः जाऊन आणणे, एखाद्या संध्याकाळी स्वयंपाकघराचा ताबा घेऊन पिठले-भात करणे, घरातल्यांना त्यांचा एकांत मिळावा म्हणून दुपारी बाहेर पडणे.

आता परतफेडीचे. परदेशी स्थायिक झालेल्या आपल्या माणसांची खरी अडचण बहुधा इकडेच असते. त्या मित्रांचे आईवडील किंवा कोणी वडीलधारे नातेवाईक महाराष्ट्रात असतील, तर महिन्या-दोन महिन्यांनी त्यांच्याकडे एक फेरी मारा. निवृत्तिवेतनासाठी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, डोळ्यांची तपासणी लांबलेली असते, सोसायटीच्या सभेत त्यांची बाजू मांडायला कोणी नसते. ही कामे परदेशातून पैसे पाठवून होत नाहीत, कोणीतरी बरोबर जावे लागते. त्यांना मात्र ‘तुमच्या उपकाराची फेड म्हणून’ असे चुकूनही सांगू नका, नाहीतर ते पुन्हा रागावतील.

प्रश्न : माझी बहीण फ्रँकफर्टला राहते आणि आम्ही तेथे विमान बदलून अमेरिकेला जाणार आहोत. राखेमुळे अडकलोच तर तिच्याकडे राहता येईल ना? आणि असा खर्च विमान कंपनी देते का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : बहिणीकडे राहता येईलच असे गृहीत धरू नका. २०१० साली शेंगेन व्हिसा (युरोपातील बहुतेक देशांसाठीचा सामाईक व्हिसा) नसलेल्या कित्येक प्रवाशांना फ्रँकफर्ट विमानतळाच्या संक्रमण विभागातच, म्हणजे विमान बदलणाऱ्यांसाठीच्या भागातच, खाटांवर रात्री काढाव्या लागल्या. जिवलग अर्ध्या तासावर असूनही त्याच्या घरी जाता येऊ नये, यासारखी चुटपुट नाही. त्यामुळे आपल्या पासपोर्टवर नेमका कोणता व्हिसा आहे आणि त्यावर विमानतळाबाहेर पडता येते का, हे निघण्यापूर्वीच तपासून घ्या.

खर्चाचे उत्तर मात्र बरेच स्पष्ट आहे. युरोपीय संघाच्या २००४ च्या २६१ क्रमांकाच्या नियमानुसार, संघातील विमानतळावरून निघणाऱ्या कोणत्याही कंपनीच्या आणि बाहेरून तेथे येणाऱ्या युरोपीय कंपनीच्या प्रवाशाला अडकल्यास जेवण व हॉटेल देणे कंपनीला बंधनकारक आहे. म्हणजे मुंबईहून फ्रँकफर्टला भारतीय कंपनीने जाताना हे संरक्षण नाही. तेथून पुढच्या उड्डाणाचे तिकीट वेगळे काढलेले असेल, तर त्याला आहे; मुंबई ते अमेरिका असे एकच तिकीट असेल, तर नाही. राख ही असाधारण परिस्थिती असल्याने वेगळी नुकसानभरपाई मिळत नाही, परंतु सोय करण्याची जबाबदारी सुटत नाही. २०१० मध्ये पोर्तुगालमधील फारो येथे अडकलेल्या एका प्रवासी महिलेच्या दाव्यावर युरोपीय न्यायालयाने ३१ जानेवारी २०१३ रोजी हेच सांगितले आणि या जबाबदारीला दिवसांची वा रकमेची कमाल मर्यादा नाही असेही स्पष्ट केले. खर्च तेवढा आवश्यक आणि वाजवी असावा.

एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. विमान रद्द झाल्यावर ‘तिकिटाचे पैसे परत’ आणि ‘दुसऱ्या विमानाने पाठवणी’ असे दोन पर्याय समोर येतात. घाईने पहिला निवडलात, तर पुढच्या हॉटेलचा आणि जेवणाचा हक्कही संपतो. घरी परतायचे असेल तर दुसराच घ्या.

आणि बाहेर पडण्याची मुभा असून बहिणीकडे राहिलात, तरी हक्काचे ते सोडू नका. आपल्या बहिणीचा पाहुणचार कंपनीचा खर्च वाचवण्यासाठी नाही. विमानतळावर जाण्यायेण्याच्या आणि बाहेर घेतलेल्या जेवणाच्या पावत्या, तसेच उड्डाण रद्द झाल्याचा कंपनीचा संदेश जपून ठेवा. प्रवास विमा घेताना पॉलिसीत ‘ज्वालामुखीची राख’ असा स्पष्ट उल्लेख आहे का ते पाहा. नुसत्या ‘खराब हवामान’ या शब्दांवर विसंबून राहिलेल्यांना २०१० मध्ये विमा कंपन्यांशी वाद घालावे लागले होते.