कोतवालीचा हिशेब : काळ्या शहरातले शिपाई, हप्ते आणि फासे

टेबलटॉप रोलप्लेइंगच्या (टेबलाभोवती बसून, पात्रं वठवत आणि फासे टाकत खेळायच्या गोष्टीच्या) या सदराकडे या वेळी खेळ चालवणाऱ्यांकडून आलेली बरीच पत्रं डार्क फँटसी, म्हणजे जादूच्या पण काळ्या, क्रूर जगातल्या शहरांच्या पहारेकऱ्यांविषयी आहेत. त्यातली निवडक पुढे देतो. उत्तरांत चांदीची नाणी धरली आहेत; तुमच्या खेळात चलन वेगळं असेल तर प्रमाण तेवढं सांभाळा.

प्रश्न : माझ्या शहरातला प्रत्येक पहारेकरी लाच खातो. आता प्लेयर कुठेही अडकले की थैली पुढे करतात, मी एक रोल (फासे टाकणं) मागतो आणि काम होऊन जातं. धाक म्हणून उरलेला नाही. लाचेचे दर वाढवू का?

उत्तर : दर वाढवलेत तर प्लेयर आणखी एक तळघर लुटतील आणि भरतील. खरी गोची अशी आहे की तुमचा पहारेकरी पैसे घेतो आणि ते पैसे तिथेच संपतात. पुढे कुणाकडे जात नाहीत, कुणाला कमी पडत नाहीत.

आधी एका शिपायाचा आठवडा कागदावर मांडा. पगार १० नाणी. वर्दी आणि भाल्याची कपात २. घरखर्च ९. वेशीवरची मोक्याची जागा टिकवायची तर हवालदाराला ४. हातात आले ८, गेले १३, तूट ५. आठवड्यातले पाच दिवस पहारा धरला तर दिवसाला निदान १ नाणं वरून मिळाल्याशिवाय हा माणूस सावकाराच्या दारातून सुटत नाही. तो मुळात नीच आहे की भला, हे ठरवायची गरजच पडत नाही.

दर याच आकड्यांतून निघतात. रोजच्या डोळेझाकीचं, म्हणजे जकात न भरलेलं पिंप किंवा वेस बंद झाल्यावर आत येणं, १ नाणं. पकडलं गेलं तर शिपायाला दंड होईल अशा गोष्टीचे, उदाहरणार्थ झग्याखालच्या तलवारीचे, ३. नोकरीच जाईल अशा कामाचा हिशेब निराळा. ही जागा त्यानं ६० नाणी मोजून घेतलेली आहे, त्यामुळे ६०च्या खाली तो बोलणं ऐकूनही घेणार नाही. फाशी होईल अशा कामाला दरच नाही. तिथे पैसे पुढे केले तर तो घेईल, मान डोलावेल आणि तासाभरात वर कळवेल, कारण न कळवलं तर दोर त्याच्याच गळ्यात येतो.

हे दर एकट्या शिपायाचे. गस्त चौघांची असेल तर हवालदाराचे दोन वाटे आणि तिघांचा एकेक, असे पाच वाटे पडतात. ३ नाण्यांचं काम १५वर जातं. प्लेयरना हे दोनदा भोवलं की ते आपणहून एकटा शिपाई कुठे आणि कधी सापडतो याची टेहळणी करू लागतात. आयताच एक सेशन (खेळाची एक बैठक) मिळतो.

आता रोल. ‘तो लाच घेईल का’ यावर फासे टाकू नका. घेणारच आहे. फासे टाका ते नंतर काय होतं यावर. दोन सहा बाजूंचे फासे घ्या आणि बेरीज करा. १० किंवा जास्त आले तर काम झालं, विषय संपला. ७ ते ९ आले तर काम झालं, पण चेहरा लक्षात राहिला : पुढच्या वेळी दुप्पट मागेल, नाहीतर एखादं ‘लहानसं’ काम सांगेल. ६ किंवा कमी आले तर पैसेही घेतले आणि तुमची खबरही विकली. नुसत्या फाशांवर या तीन निकालांच्या शक्यता ३६ पैकी ६, १५ आणि १५ अशा पडतात. ओळखीचा मध्यस्थ असेल तर १ मिळवा, मग त्या १०, १६ आणि १० होतात. दोनाच्या वर काहीही मिळवू देऊ नका. २ मिळवल्यावरच चांगला निकाल १५ आणि वाईट ६ होतो. त्यापुढे भीती राहत नाही.

आणि साखळी लिहून ठेवा. एका वेशीवर आठ शिपाई, प्रत्येकी ४, म्हणजे हवालदाराकडे ३२. त्यातले १२ तो ठेवतो, २० ठाणेदाराला. ठाणेदाराच्या पाच वेशी, म्हणजे १००. ४० ठेवून ६० कोतवालाला. चार ठाणी धरली तर कोतवालाला आठवड्याला २४०. प्लेयरनी एका वेशीवरचे शिपाई पळवून लावले, तर वसुलीच्या दिवशी ठाणेदाराच्या हाती २० कमी पडतात. तो ते स्वतःच्या ४०मधून भरणार नाही, हे तर उघडच आहे. कोणाकडून तरी काढेल, किंवा कमी का पडले ते विचारायला माणूस पाठवेल. पुढच्या सेशनचा खलनायक शोधायला वेगळं डोकं चालवावं लागत नाही.

प्रश्न : वीस हजार वस्तीच्या शहरात किती पहारेकरी असावेत? प्लेयरनी आरडाओरडा केला की मी दर वेळी डझनभर शिपाई आणतो. ते खोटं वाटतं.

उत्तर : वाटणारच. शंभर नावं पटावर धरू. त्यातली १५ फक्त पटावर आहेत, त्यांचा पगार ठाणेदार उचलतो. २५ जण कैदखाना, न्यायसभा आणि बड्यांच्या हवेल्यांवर. उरले ६०. तीन पाळ्या केल्या की एका वेळी २०, म्हणजे चौघांच्या पाच गस्ती. शहरात आठ पेठा असतील तर कुठल्याही क्षणी तीन पेठांत एकही गस्त नाही. कोणत्या तीन, हे फासे टाकून ठरवू नका. ज्या पेठांतून हप्ता येत नाही, त्या.

ओरडा झाल्यावर गस्त पोचायला, ती त्याच पेठेत असेल तर लढाईच्या तीन-चार फेऱ्या (एका फेरीत प्रत्येकाची एक पाळी), शेजारच्या पेठेत असेल तर लढाई संपल्यावर. नंतर येणारी गस्त जास्त कामाची असते, कारण ती जखमींचे खिसे तपासते.

पगारी पोलीसदल असायलाच हवं असंही नाही. इंग्लंडमध्ये १२८५च्या विंचेस्टरच्या कायद्यानं पहारा रहिवाशांवरच टाकला होता : सूर्यास्त ते सूर्योदय वेशी बंद, उन्हाळ्याच्या महिन्यांत शहराच्या प्रत्येक वेशीवर रात्री सहा माणसं, आणि ओरडा झाला की सगळ्यांनी पाठलागाला निघायचं. लंडनला मेट्रोपॉलिटन पोलीस मिळाले थेट १८२९ मध्ये. खेळात ही जुनी पद्धत जास्त भीतिदायक ठरते. शिपाई विकत घेता येतो, कंदील घेऊन निघालेली अख्खी गल्ली घेता येत नाही.

प्रश्न : चोर पकडणाराच चोरांचा म्होरक्या, असा एनपीसी (प्लेयरांचं नसलेलं, खेळ चालवणारा वठवतो ते पात्र) हवा आहे. प्लेयरना ते पहिल्या भेटीतच कळू नये.

उत्तर : जोनाथन वाइल्डचा नमुना समोर ठेवा. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये हा माणूस चोर पकडणारा म्हणून मिरवत होता. चोऱ्या त्याच्याच टोळ्या करत. ज्याचा माल गेला तो याच्याकडे येई, हा ‘तपास’ करी आणि मोबदला घेऊन माल परत मिळवून देई. माल स्वतःच्या ताब्यात ठेवायचाच नाही ही त्याची खबरदारी. जो चोर ऐकेनासा होई त्याला तो कोर्टात उभा करी, आणि दरोडेखोराला शिक्षा झाली की सरकारी ४० पौंडांचं बक्षीस मिळे. १७२५ मध्ये तो स्वतः फासावर गेला.

टेबलावर उतरवताना एक गोष्ट पाळा : तो दिलेला शब्द पाळतो. प्लेयरची चोरीला गेलेली वस्तू दोन दिवसांत, ठरलेल्या पैशांत, जशीच्या तशी परत येते. पहिली तीन कामं अशीच होऊ द्या. संशयाचे धागे तीन पेरा, एक पुरत नाही. तो चोरीची वेळ तक्रारदाराआधीच बोलून जातो. त्यानं पकडलेले सगळे एकाच टोळीतून फुटलेले असतात. आणि त्याच्या वहीत काही नावांपुढे एक फुली आहे, काहींपुढे दोन. दोन फुल्यांची माणसं महिन्याभरात फाशी जातात. प्लेयर वही चोरायला निघतील. चोरू द्या. त्या वहीत त्यांची नावं असू द्या, एका फुलीसकट.

प्रश्न : एका प्लेयरला याच दलात प्रामाणिक फौजदार खेळायचा आहे. कुंपणच शेत खात असताना हे पात्र दोन सेशन तरी टिकेल का?

उत्तर : टिकेल. त्याला मारायची घाई डीएमलाच (खेळ चालवणाऱ्यालाच) असते, दलाला नसते. मेलेला फौजदार म्हणजे चौकशी, आणि चौकशी म्हणजे वरच्यांची पोटं भरणं. प्रामाणिक माणसाचा दलाला होणारा तोटा आठवड्याला ४ नाण्यांचा, आणि तेवढ्या किमतीचेच उपाय केले जातात. पहिल्या आठवड्यात टिंगल. मग त्याचा वाटा त्याच्या पेटीत न विचारता ठेवला जातो. परत केला तर कुणाला, हा प्रश्न त्याच्यावरच. पुढे बदली, स्मशानवेशीवर किंवा जप्तीच्या कोठारात. (डार्क फँटसीत स्मशानवेशीची रात्रपाळी ही शिक्षा आहे हे वेगळं सांगायला नको.) मग त्याच्या हाताखालचे दोघे आजारी पडू लागतात, नेमके छाप्याच्या रात्री. एवढ्यानंही भागलं नाही तर बढती, जिथून काहीच करता येत नाही अशा खुर्चीवर.

या प्लेयरला हत्यारही द्या, नाहीतर बिचारा नुसता सोसत बसेल. बदलीच्या प्रत्येक जागी एक गोष्ट हाती लागते : कोठारात जप्तीची यादी आणि प्रत्यक्ष माल जुळत नाही, स्मशानवेशीवर नोंद नसलेली प्रेतं बाहेर जातात. असे तीन पुरावे जमले की कोतवालाचा एखादा शत्रू त्याला भेटायला येतो. तो शत्रू सज्जन असू नये.

प्रश्न : सत्य वदवणारा मंत्र आणि प्रेताशी बोलण्याची विद्या असताना भ्रष्टाचार चालेलच कसा?

उत्तर : जोमात चालेल. मंत्र टाकायचा परवाना कुणाकडे, साक्ष ग्राह्य कोण धरतो आणि प्रश्न कोण विचारतो, या तीन जागा विकत घेता येतात. परवानाधारक सत्यवक्ते शहरात तीनच ठेवा, एक न्यायसभेचा, एक देवळाचा, एक भाड्यानं मिळणारा. प्रेत विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर देतं. ‘तुला कुणी मारलं’ऐवजी ‘तू कशानं मेलास’ विचारलं की काम भागतं. आणि सराईत खुनी जीभ कापून नेतात, त्यामुळे बिनजिभेचं प्रेत सापडलं की हे काम नवख्याचं नाही एवढं प्लेयरना लगेच कळतं.

शपथा आणखी मजेच्या. पहाऱ्याची शपथ अशी असू द्या : ‘पाहिलेला गुन्हा लपवणार नाही’, आणि मोडली तर डोळे जातात. मग लाच खाणारे शिपाई काही पाहतच नाहीत. पैसे मिळाले की भिंतीकडे तोंड करून शंभर आकडे मोजतात. प्लेयरना लाचेचा असा मोजका वेळ मिळतो : शंभर आकडे म्हणजे लढाईच्या दहा-बारा फेऱ्या. वाळूचं घड्याळ ठेवा टेबलावर.

प्रश्न : छळाच्या प्रसंगांनी एक प्लेयर अस्वस्थ झाली. जग काळं आहे म्हणून ते दाखवावंच लागतं का?

उत्तर : नाही. कॅम्पेन (अनेक सेशन चालणारी एक गोष्ट) सुरू होण्याआधी सगळ्यांकडून दोन याद्या घ्या, काय अजिबात नको आणि काय पडद्याआड चालेल. कोठडीचं दार बंद झालं, इथेच कट करा आणि सकाळपासून पुढे चला. मधल्या सेशनमध्ये कुणी थांबायला सांगितलं तर कारण विचारू नका.

प्रश्न : सगळी पार्टी (प्लेयरांच्या पात्रांचा गट) पकडली गेली की खेळ मरतो. कैदेतून पळण्याचा प्लॅन करण्यात अख्खी संध्याकाळ गेली.

उत्तर : कैदखाना भिंतींचा न करता दरपत्रकाचा करा. इंग्लंडमध्ये तुरुंगाधिकारी बराच काळ कैद्यांच्याच फीवर जगत. जॉन हॉवर्ड १७७३ मध्ये बेडफर्डशायरचा शेरीफ झाला तेव्हा त्याला दिसलं की निर्दोष सुटलेली माणसंही फी भरता येत नाही म्हणून आतच आहेत; पुढच्याच वर्षी संसदेला त्यावर कायदा करावा लागला. तुमच्या खेळात तो कायदा अजून आलेला नाही.

बेड्या हलक्या करणं २ नाणी. खाट, आठवड्याला ३. बाहेर निरोप १, तो खरंच पोचावा म्हणून आणखी २. जुन्या कैद्यांना प्रवेशाचं देणं १, नाही दिलं तर अंगावरचा झगा जातो. सुटकेची फी माणशी ८. थैल्या तर अटकेतच गेल्या, तेव्हा पैसा बाहेरून यायला हवा. प्रत्येक प्लेयरला एकच प्रश्न विचारा : बाहेर तुझ्यासाठी कोण पैसे भरेल, आणि बदल्यात काय मागेल? उत्तर सुचलं नाही तर तुरुंगाधिकारी उधारी देतो, आठवड्याला दहा नाण्यांवर एक व्याज. हे सगळं टेबलावरच्या अर्ध्या तासात आटपा. चौघांची पार्टी साधारण ५० नाण्यांचं कर्ज घेऊन बाहेर पडते, आणि तुरुंगाधिकाऱ्यानं वसुलीचं काम कोणाकडे दिलंय हे तुम्ही आधीच ठरवलेलं असतं : आठवतंय ना, त्या वेशीवरचा हवालदार, ज्याला ३२ मिळायचे आणि आता मिळत नाहीत.