‘बॉब्स बर्गर्स’ या कार्टून मालिकेत लोकांना एवढं काय आवडतं?

तुम्ही लिहिलंय की दोन भाग बघितले, काही विशेष घडलं नाही, विनोद तोंडातल्या तोंडात पुटपुटल्यासारखे वाटले, आणि तरी लोक ही मालिका परत परत का बघतात ते कळेना. तक्रार रास्त आहे. मालिकेत खरंच फारसं काही घडत नाही. समुद्रकाठच्या एका लहानशा अमेरिकन गावात बेल्चर कुटुंब बर्गरचं दुकान चालवतं. बॉब भाजतो, त्याची बायको लिंडा गिऱ्हाईक बघते, टीना, जीन आणि लुईस ही तीन पोरं शाळा सुटली की हाताखाली असतात, आणि पाचही जण त्याच दुकानाच्या वरच्या मजल्यावर एका बाथरूममध्ये भागवतात. ९ जानेवारी २०११ ला फॉक्स या अमेरिकन वाहिनीवर मालिका सुरू झाली, ती अजून चालू आहे. एवढ्या वर्षांत बॉबचं दुकान ना वाढलं, ना बंद पडलं.

माझ्या मते लोकांना धरून ठेवणारी गोष्ट हीच आहे. बॉब कागदावर मालक आहे आणि प्रत्यक्षात कामगार. अशा माणसाचं घर कार्टूनमध्ये इतकं जवळून दाखवलेलं मी दुसरीकडे बघितलेलं नाही.

अमेरिकेत कष्टकरी घरावरच्या कार्टूनची परंपरा तशी जुनी. १९६० च्या ‘फ्लिंटस्टोन्स’मधला फ्रेड दगडाच्या खाणीत डायनासॉरच्या पाठीवर बसून क्रेन चालवायचा. १९८९ च्या ‘सिम्प्सन्स’मधला होमर सिम्प्सन अणुवीज केंद्रात कामाला. १९९७ च्या ‘किंग ऑफ द हिल’चा हँक हिल टेक्सासमध्ये प्रोपेन गॅस विकणाऱ्या कंपनीत असिस्टंट मॅनेजर. तिघेही पगारदार. साहेब ओरडतो, भोंगा वाजतो, माणूस घरी येतो आणि गोष्ट घरात सुरू होते. बॉबला घरी येण्याची सोयच नाही. जिना चढला की घर, उतरला की दुकान. त्याला साहेब नाही, पण जागामालक आहे, आरोग्य खात्याचा निरीक्षक आहे (तो लिंडाचा पूर्वीचा होणारा नवरा, म्हणजे खुन्नस आलीच), आणि रस्त्यापलीकडे जिमी पेस्टोचं पिझ्झाचं दुकान आहे, जे बॉबच्या डोळ्यांदेखत भरलेलं असतं. होमरचा दिवस वाया गेला तरी महिनाअखेरीस पगार होतो. बॉबचा दिवस वाया गेला तर तेवढा गल्ला रिकामा.

सुरुवातीची नामावली तुम्ही पुढे ढकलली असेल तर एकदा नीट बघा. उद्घाटनाचा फलक लागतो. मग आग लागते, पुन्हा उद्घाटन. उंदीर होतात, पुन्हा उद्घाटन. खांब कोसळून काच फुटते, आणखी एकदा उद्घाटन. अर्ध्या मिनिटाच्या आत धंद्याचा सगळा इतिहास सांगून होतो. त्यात शेजारच्या गाळ्याची पाटी दर भागात नवीन असते, कुठल्या तरी शाब्दिक कोटीचं नाव असलेलं नवीन दुकान. बहुतेक लोक ती कोटी वाचून हसतात आणि पुढे जातात. ज्यांच्या घरात दुकान होतं त्यांना त्या पाटीत आणखी एक गोष्ट दिसते: शेजारी कुणी टिकत नाही. दुसऱ्या बाजूला मॉर्टचा अंत्यविधीचा धंदा आहे, तो मात्र पक्का. त्याला गिऱ्हाइकाची ददात नाही.

आता मला हे एवढं का भिडतं तेही सांगते. तालुक्याच्या गावी एस.टी. स्टँडसमोर आमचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे पाच टेबलं, मिसळ, भजी आणि चहा. भिंतीकडच्या टेबलावर माझा अभ्यास चालायचा. गाडी लागली आणि माणसं एकदम आत आली की आई काही न बोलता फडकं घेऊन यायची. मी वही उचलून बटाट्याच्या पोत्यावर जाऊन बसायचे. घरातलं महत्त्वाचं बोलणं सगळं कढईपाशी व्हायचं. फीचे पैसे, आत्याच्या घरचं लग्न, बँकेचा हप्ता. मध्येच कुणी ‘दोन मिसळ, एक तिखट’ म्हणालं की भांडण जागच्या जागी थांबायचं, गिऱ्हाइकाशी हसून बोलणं व्हायचं, आणि ताट गेलं की अण्णा ज्या शब्दावर थांबले होते तिथूनच पुढे सुरू. ड्यूटी उतरलेले एक कंडक्टर हाफ चहावर तासभर बसून हे सगळं ऐकायचे आणि न विचारता सल्ला द्यायचे.

मालिकेत त्या कंडक्टरचं नाव टेडी आहे. घरदुरुस्तीची फुटकळ कामं करणारा, एकटा, काउंटरवर ठरलेल्या स्टुलावर बसणारा. बेल्चर कुटुंबाचं सगळं खासगी बोलणं त्याच्या देखतच होतं, कारण वेगळी जागाच नाही. पोरं बूथमध्ये, म्हणजे गिऱ्हाइकांच्या समोरासमोरच्या बाकांवर, लोळत असतात, कारण बूथ रिकामंच असतं. बॉब खडूने फळ्यावर ‘आजचा बर्गर’ लिहितो, रोज नवीन पदार्थ आणि रोज नवीन कोटी, किंमत ५.९५ डॉलर. तो बर्गर मागणारा बहुतेक वेळा कुणी नसतो. तरी दुसऱ्या दिवशी फळा पुसून नवीन नाव येतं. कुणी मागो न मागो, माणूस आपलं काम चोख करतो आणि मालिका त्याबद्दल त्याची पाठ थोपटत बसत नाही. हे मला फार आवडतं.

तिसऱ्या सीझनमधला ‘बॉब फायर्स द किड्स’ हा भाग घ्या. बॉबचं स्वतःचं लहानपण वडिलांच्या हॉटेलात भांडी घासण्यात गेलं. आपल्या पोरांची सुट्टी अशी जाऊ नये म्हणून तो तिघांना कामावरून काढून टाकतो. खेळा, मजा करा. पोरं काय करतात? दुसरं काम शोधतात. ब्लूबेरीच्या शेतावर खुरपायला जातात, आणि ते शेत प्रत्यक्षात गांजाचं निघतं. पोलीस, पळापळ, सगळं होतं. पण हसवता हसवता भाग एक अवघड प्रश्न टाकून जातो: घरच्या धंद्यात राबणाऱ्या पोरांवर अन्याय होतो की त्यांना त्यात आपली जागा सापडते? मालिका याचं उत्तर देत नाही. मला विचाराल तर दोन्ही होतं, त्याच दिवशी, कधी कधी त्याच तासात. आमच्या घरी धाकट्याला हॉटेल म्हटलं की अजून तिडीक येते. मला नाही येत.

पहिल्या सीझनमध्ये टीनाला तेरावं वर्ष लागतं आणि तिला दणक्यात पार्टी हवी असते. पैसे नाहीत. बॉब दिवसभर बर्गर भाजतो आणि रात्री टॅक्सी चालवतो. टीनाला ज्या मुलाला बोलवायचंय तो नेमका जिमी पेस्टोचा पोरगा. पेस्टो अट घालतो: पोरगा पाठवतो, तू मिशी उतरवून दे. बॉब मिशी उतरवतो. ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ असलं वाक्य बोलायची वेळच येत नाही. आपल्याकडचे वडील ज्यांनी बघितलेत त्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

जागामालक फिशोडर हे पात्र तर अफाट. पांढरा सूट, एका डोळ्यावर पट्टी, आवाज केव्हिन क्लाइनचा. निम्मं गाव त्याच्या मालकीचं वाटावं असा थाट, समुद्रावरचा, जत्रेसारखा कायमचा करमणुकीचा धक्काही त्याचाच. तो खलनायक नाही, ही यातली मेख. तो गोड बोलतो, त्याला बॉब आवडतो, फक्त बॉबचं नशीब त्याच्या लहरीवर अवलंबून असतं. पहिल्याच सीझनमध्ये भाडं थकतं, जागा पेस्टोला द्यायचं जवळपास ठरतं, आणि मग फिशोडरला बॉबच्या हातचा एक बर्गर इतका आवडतो की बॉबचा करार टिकतो. लोक याला गोड शेवट म्हणतात. मला त्यात धस्स होतं. त्या दिवशी मालकाच्या जिभेला चव नसती तर?

२०२२ च्या चित्रपटात हेच उलट्या बाजूने येतं. कर्जाचा हप्ता आठवड्यावर आलेला. बॉब आणि लिंडा बँकेतल्या माणसाकडे मुदत मागायला जातात, तेही बर्गर घेऊन. मुदत मिळत नाही. परत येतात तर पाइपलाइन फुटून दुकानाच्या दारातच मोठा खड्डा पडलेला. पुढे खुनाचं रहस्य वगैरे आहे, पण माझं सगळं लक्ष त्या खड्ड्यात. दारासमोर रस्ता खणून ठेवलेला असताना धंदा कसा करायचा, हा प्रश्न कुठल्याही गावातल्या दुकानदाराला विचारा. टेडी त्यांना हातगाडी बनवून देतो आणि ते परवाना नसताना ती धक्क्यावर लावतात.

विनोद पुटपुटल्यासारखे वाटतात, हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे आणि ते मुद्दाम केलेलं आहे. निर्माता लॉरेन बूशार्ड याच्या जुन्या मालिकांपासूनची ती पद्धत. कलाकार शक्य तेव्हा एकत्र बसून आवाज देतात, एकमेकांचं बोलणं तोडतात, मध्येच स्वतःचं काहीतरी घालतात. त्यामुळे संवाद घरातल्यासारखे एकावर एक चढतात. बॉबला एच. जॉन बेंजामिनचा थकलेला, कधीच फार न चढणारा आवाज आहे. लिंडा आणि टीना या दोघींना पुरुषांनी आवाज दिलाय, अनुक्रमे जॉन रॉबर्ट्स आणि डॅन मिंट्झ. तेरा वर्षांच्या मुलीला तो जाडा, सपाट आवाज सुरुवातीला खटकतो. नंतर दुसरा कल्पनेतही येत नाही. बूशार्डच्या डोक्यात आधी हे नरभक्षक कुटुंब होतं. वाहिनीने नको म्हटलं, आणि त्याचं उरलंसुरलं पहिल्या भागात अफवा म्हणून आलं. बरं झालं. नरभक्षकांना भाड्याची काळजी वाटली नसती.

सगळंच उत्तम आहे असं नाही. गेल नावाची लिंडाची बहीण आली की मी हमखास उठून चहा टाकते. अलीकडच्या सीझनमध्ये गाणी जास्त झालीत आणि भाग संपताना डोळे ओले करायचेच असा चंग बांधल्यासारखं कधी कधी वाटतं. २०१४ आणि २०१७ ला एमी हा टीव्हीचा मोठा पुरस्कार मिळाला, तो माझ्या मते पहिल्या सहा-सात सीझनच्या जोरावर. पण बॉबला कुणाचा राग आला तरी तो घरच्यांना तुच्छतेने बोलत नाही, टीनाच्या घोड्यांच्या आणि मुलांच्या वेडाची कुणी घरात टिंगल करत नाही, हे मात्र शेवटपर्यंत सांभाळलंय. कष्टकरी बाप म्हणजे आळशी, ढेरपोट्या आणि मठ्ठ, हा कार्टूनचा जुना साचा इथे नाही. ढेरी आहे, पण माणूस हुशार आहे आणि हाताला चव आहे. गिऱ्हाईक येत नाही, कारण जागा आडबाजूची आणि समोरचा भपकेबाज. असं होतं.

अजून एक संधी द्यायची असेल तर सुरुवातीपासून लावू नका; पहिल्या सीझनमध्ये चित्रं आणि विनोद दोन्ही जरा ओबडधोबड आहेत. ‘बॉब फायर्स द किड्स’ बघा, मग चौथ्या सीझनचा ‘टर्की इन अ कॅन’. त्यात थँक्सगिव्हिंग या अमेरिकन सणासाठी आणलेली टर्की (कोंबडीसारखा मोठा पक्षी) रोज सकाळी संडासात पडलेली सापडते आणि ती तिथे कोण टाकतं हे शेवटी कळतं तेव्हा हसूही येतं आणि गलबलूनही येतं, एकदमच. याही दोन भागांत मन रमलं नाही तर खुशाल सोडून द्या आणि ‘किंग ऑफ द हिल’ लावा. तिथे वर्षानुवर्षं लिहिणारा जिम डॉटेरिव्ह पुढे बॉबच्या मालिकेत सुरुवातीपासून होता, त्यामुळे जातकुळी तीच आहे. तुमचं घर पगारावर चाललेलं असेल तर हँक हिल तुम्हाला अधिक ओळखीचा वाटेल.