दोन नक्षीदार लाकडं, एक कपाट

प्रश्न : भिंतीवरच्या छोट्या कपाटाच्या दारांना अक्रोडाच्या गाठीचं (खोडावरच्या फुगवट्याच्या नक्षीदार लाकडाचं) विनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, आणि भोवती लहरी मेपलची (लाटांसारख्या रेषांच्या फिकट लाकडाची) चौकट असा बेत आहे. पण दोन्ही शेजारी ठेवली की नजर ठरत नाही. काय चुकतंय?

उत्तर : दोन्ही नक्षी सारख्याच ठळक आहेत, म्हणून एक दुसरीला मारते. मान गाठीला द्या. चौकट मेपलचीच ठेवा, पण सरळ रेषांची. लहरी मेपल आतल्या खणांच्या दर्शनी पट्ट्यांना वापरा. दार उघडल्यावर तिथे ती खुलेल. गाठ आणि चौकट यांच्यामध्ये १ ते १.५ मिमीची गडद पट्टी बसवा, म्हणजे कड स्पष्ट दिसते.

खरी कसोटी गाठीच्या विनियरची. तिच्यात रेषा सगळ्या दिशांना धावतात, त्यामुळे ते सुकताना सुरकुततं आणि तसंच दाबलं तर तडकतं. आधी थोडं ग्लिसरिन मिसळलेलं पाणी दोन्ही बाजूंना शिंपडा, छपाई नसलेल्या कागदांत घालून दोन प्लायमध्ये दाबा आणि पूर्ण कोरडं होईपर्यंत कागद रोज बदला. ग्लिसरिनचा हात सैल सोडू नका. जास्त झालं तर गोंद धरत नाही. सपाट झालं की लगेच चिकटवा, उघडं ठेवलं तर पुन्हा वळतं. दाराच्या मागेही तितक्याच जाडीचं विनियर हवंच. एकाच बाजूला लावलेलं दार हमखास वाकतं.

लहरी मेपलवर रंधा उलटा गेला की कपच्या उडतात. पातं नुकतं धार लावलेलं, काप अगदी पातळ, आणि शेवटचा हात स्क्रेपरचा (खरवडायच्या धारदार पोलादी पत्र्याचा).

रंगाचाही विचार आत्ताच करा. वर्षांगणिक अक्रोड फिकट होतो, मेपल पिवळसर. म्हणजे आजचा फरक पुढे कमी होणार. म्हणून अक्रोड जितका गडद मिळेल तितका घ्या, आणि मेपलला तेलाऐवजी पाण्यावर आधारित पारदर्शक लेप द्या.

प्रश्न : मेपलमध्ये पडौकाच्या (एका गडद लाल लाकडाच्या) पट्ट्या बसवल्या. घासल्यावर मेपल लालसर झाला.

उत्तर : पडौकाची लाल भुकटी मेपलच्या छिद्रांत बसली आहे. पॉलिश पेपरने ती आणखी आत जाते. स्क्रेपरने पातळ थर काढा आणि भुकटी व्हॅक्यूमने ओढून घ्या. स्पिरिटच्या फडक्याने मुळीच पुसू नका. पडौकाचा रंग स्पिरिटमध्ये विरघळतो. याच कारणाने मेण काढलेल्या चपडीचे (स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेच्या पॉलिशचे) पहिले दोन हातही फडक्याने न देता पातळ स्प्रेने द्या. ते सुकले की रंग पसरत नाही.